दिवे किती आणि कुठे : एका विद्यापीठाच्या रात्रीचा हिशेब

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचं आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. दिव्यांसाठी नेमलेल्या समितीत मी विद्युत अभियांत्रिकी विभागाकडून होतो. त्यामुळे पुढे जे जे चुकलं म्हणून लिहिलं आहे, त्यात माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

परिसर जुना, झाडीचा, डोंगराच्या पायथ्याशी. मुख्य फाटकापासून प्रशासकीय इमारतीपर्यंत रुंद रस्ता, त्याला फुटलेले विभागांचे रस्ते, मागच्या अंगाला वसतिगृहं आणि सगळ्यात मागे गावाकडे उघडणारं एक लहान फाटक. रस्त्यांवर चारशेच्या आसपास खांब, बहुतेक नऊ मीटर उंचीचे, प्रत्येकावर २५० वॅटचा सोडियम व्हेपर दिवा. हा नारिंगी उजेड ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, त्यात लाल ओढणी आणि तपकिरी ओढणी सारखीच दिसते. वीज गेली की दिवा थंड व्हायला आणि पुन्हा पेटायला काही मिनिटं जातात, तेवढा वेळ रस्ता काळोखात.

एकाच महिन्यात कुलसचिवांच्या टेबलावर दोन कागद आले. पहिला हरित परीक्षणाचा अहवाल. नॅक या उच्च शिक्षण संस्थांची पारख करणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनात ऊर्जाबचत, एलईडी, सेन्सरवर चालणारी यंत्रणा या गोष्टी विचारल्या जातात, त्या तयारीसाठी तो करून घेतला होता. त्यात बाहेरच्या दिव्यांचं कार्बन उत्सर्जन ठळक अक्षरांत होतं. दुसरा कागद मुलींच्या वसतिगृहातल्या विद्यार्थिनींचं निवेदन : ग्रंथालयाच्या अभ्यासिकेपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता काळोखाचा आहे, दिवे वाढवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ सालच्या ‘सक्षम’ अहवालात परिसरातल्या अपुऱ्या उजेडाचा उल्लेख आहे. तो उतारा मुलींनी झेरॉक्स काढून जोडला होता.

कुलसचिवांनी दोन्ही कागद एकाच फाइलला टाचले आणि एकच समिती नेमली. त्या वेळी मला ही टाळाटाळ वाटली. आज वाटतं, सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता. दोन समित्या असत्या तर एकीने दिवे काढले असते आणि दुसरीने लावले असते.

अडचण

पहिल्या बैठकीतच दोन गट पडले. पर्यावरणशास्त्राचे सर एका बाजूला, वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम दुसऱ्या. दोघांकडेही परदेशातला एकेक अभ्यास होता. सरांकडे इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक प्रशासनांच्या आकडेवारीवरचा २०१५ सालचा अभ्यास : दिवे मंद केल्याने किंवा मध्यरात्रीनंतर बंद ठेवल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. मॅडमकडे न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींतला २०१६ सालचा प्रयोग : प्रखर दिव्यांचे मनोरे उभे केल्यावर रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे साधारण एक तृतीयांशाने घटले.

अर्धा तास वाद झाल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, जी मुलगी अंधार होतो म्हणून अभ्यासिकेतून साडेसातलाच उठून जाते, ती तुमच्याही अभ्यासात येत नाही आणि माझ्याही. तिच्या बाबतीत काही घडतच नाही.” त्यानंतर दोन्ही अभ्यास बाजूला पडले. गुन्हा घडला की नाही यापेक्षा रात्री कोण कुठून चालतं आणि कोण चालायचं टाळतं, हे शोधायला हवं होतं.

माझ्याकडे हिशेबाचं काम आलं. दिवा २५० वॅटचा, पण चोकचं खाणं धरलं तर खांब सुमारे २८० वॅट ओढतो. टायमर वर्षभर संध्याकाळी सहा ते सकाळी सात असा लावलेला होता. तेरा तास. म्हणजे रात्रीला ३.६४ युनिट, वर्षाला सुमारे १,३३० युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे एका खांबामागे वर्षाला ९३० किलो. चारशे खांबांचे ३७० टन. हरित परीक्षणात हाच आकडा होता, आणि तो मी तपासून बरोबर आहे म्हणून सही केली. ती सही पुढे महागात पडली.

एक गोष्ट बैठकीत कोणी बोलत नव्हतं. वसतिगृहातला दोन किलोवॅटचा गिझर दोन तास चालला की एका खांबाच्या अख्ख्या रात्रीपेक्षा जास्त वीज खातो. पण गिझर बंद दाराआड असतो. दिवा रस्त्यावर उभा असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो, म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

रात्रीची फेरी

रेक्टर मॅडमच्या आग्रहाने एका मंगळवारी रात्री साडेनऊला आम्ही चालत निघालो. सहा विद्यार्थिनी, सुरक्षा अधिकारी, वायरमन आणि प्रयोगशाळेतला लक्समीटर (पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र) घेतलेला मी. मुलींनी चालायचं, त्या जिथे पाऊल वेगात टाकतील तिथे मी थांबून मोजायचं, एवढंच ठरवलं होतं.

पहिला धक्का : बंद दिवे. दर तीन खांबांमागे साधारण एक पेटतच नव्हता. वायरमनने सांगितलं, “दिवा जातो, कधी चोक जातो, कधी केबल उंदीर खातात. सामान मागितलं तर म्हणतात एलईडी येणार आहेत, थांबा.” थांबून दोन वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट अभ्यासिकेच्या वळणावर कळली. तिथला दिवा चालू होता, चांगला चालू होता, पण तो पर्जन्यवृक्षाच्या घुमटाच्या आत होता. झाडाचा अख्खा गाभारा सोन्यासारखा उजळलेला आणि खाली रस्त्यावर मीटर १ लक्ससुद्धा दाखवेना. तीस पावलं पुढच्या खांबाखाली २२ लक्स. ‘आयएस १९४४’ या भारतीय मानकात दुय्यम रस्त्यांसाठी सरासरी ४ ते ८ लक्स पुरेसे धरले आहेत. म्हणजे उजेड मुळात कमी नव्हता, गोळा होऊन पडला होता. बावीस लक्समधून एकमध्ये शिरलं की डोळ्यांना काही वेळ काहीच दिसत नाही, आणि मुली नेमक्या तिथेच पाय उचलत होत्या.

तिसरी गोष्ट मागच्या बाजूच्या चौकीवरच्या रक्षकाने सांगितली. चौकीसमोर कोणीतरी चांगल्या हेतूने भला मोठा पांढरा फ्लडलाइट लावला होता, तोंड चौकीकडे. मुलींनी विचारलं, “मामा, तुम्हाला इथून रस्ता दिसतो का?” ते म्हणाले, “मी सगळ्यांना दिसतो. मला कोणी दिसत नाही.”

तासाभराच्या त्या फेरीनंतर प्रश्नच बदलला. दिवे वाढवायचे की कमी करायचे, हे बैठकीच्या खोलीत बसून विचारण्याजोगं होतं. रस्त्यावर दिसलं ते असं, की आम्ही झाडांच्या फांद्या, आकाश आणि रिकामं क्रीडांगण उजळत होतो, आणि त्याच वेळी माणसं अंधारात चालत होती.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात स्वस्त पर्याय वित्त विभागाचा : मध्यरात्रीनंतर एकआड एक दिवा बंद. अनेक ठिकाणी हेच करतात. तेवढ्या वेळची वीज निम्मी वाचते, पण वर सांगितलेले अंधार-उजेडाचे चट्टे दुप्पट लांब होतात. फेरीला आलेल्या कोणीच याला हात वर केला नाही.

दुसरा सौर खांबांचा. हरित अहवालात छायाचित्र उत्तम येतं. पण आमच्या रस्त्यांवर दुतर्फा सावली, पावसाळ्यात आठवडाभर ऊन नाही, आणि बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. यासोबत आणखी एक युक्तिवाद आला : छतावर सौर पॅनेल आहेतच, नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, दिव्यांची वीज वळती होते, मग दिवे कार्बनमुक्तच की! कागदावर खरं आहे. पण पॅनेल दुपारी वीज देतात आणि दिवे रात्री जळतात, तेव्हा ग्रिडवर मुख्य भार कोळशाचा असतो. ही वजावट हिशेबात धरायची नाही असं आम्ही ठरवलं. पर्यावरणाच्या सरांनी यात माझी बाजू घेतली, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं.

तिसरा पुरवठादाराचा : जुनं फिटिंग काढा, त्याच जागी ९० वॅटचं ६,५०० केल्विनचं (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा) शुभ्र एलईडी चढवा, तीन आठवड्यांत काम पूर्ण. यात बचत भरपूर होती. पण पर्जन्यवृक्षाच्या आतला दिवा पर्जन्यवृक्षाच्या आतच राहणार होता, फक्त पांढरा होऊन.

चौथा आमचा : परिसराचे भाग पाडायचे. पायी चालण्याचे रस्ते, वाहनांचे रस्ते, इमारतींची दारं, आणि रात्री कोणी जात नाही अशा जागा. प्रत्येक भागाला वेगळा उजेड, वेगळी उंची, वेगळी वेळ. काम वाढणार, निविदा किचकट होणार, आणि कुलगुरूंना एका वाक्यात सांगता येणार नाही.

काय केलं

चौथा पर्याय मंजूर झाला, थोडा कापून.

चालण्याच्या रस्त्यांवर आहे त्याच खांबांना साडेपाच मीटरवर आडवा हात बसवून फिटिंग फांद्यांच्या खाली आणलं. नवे खांब फक्त दोन वळणांवर उभे केले. लोखंड आणि काँक्रीटचंही उत्सर्जन असतंच. पानांचा पडदा जिथे तरीही आड येत होता तिथे उद्यान विभागाने फांद्या विरळ केल्या, झाड तोडलं नाही. चौकीवरचा फ्लडलाइट काढला आणि रस्त्याकडे तोंड करून लहान दिवा लावला. त्या रात्री मामा खुश होते. क्रीडांगणाचे दिवे वेगळ्या स्विचवर घेतले, किल्ली क्रीडा संचालकांकडे.

रंगावरून मात्र पंधरा दिवस घोळ झाला. प्रशासनाला शुभ्र हवा होता, ‘विद्यापीठ उजळून निघालं पाहिजे’ म्हणून. प्राणिशास्त्राच्या मॅडमना पिवळसर हवा होता. डोंगर लागून आहे, पिंगळे आहेत, वटवाघळं आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीच्या आकाशाचा काळोख जपणारं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, त्याचं कात्रण त्यांनी आणलं होतं. शेवटी तीन खांबांवर तीन नमुने लावले : ३,०००, ४,००० आणि ६,५०० केल्विन. जूनचा पहिला पाऊस झाला आणि निकाल आपोआप लागला. संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडली, आणि सकाळी शुभ्र दिव्याखाली पंखांचा थर इतका होता की झाडूवाल्या मावशींनी सुपलीने भरला. पिवळसर दिव्याखाली त्याच्या पासंगालाही नाही. शिवाय मुलींचं म्हणणं पडलं की पिवळसर उजेडात समोरून येणाऱ्याचा चेहरा माणसासारखा दिसतो. पायवाटांना ३,०००, मुख्य फाटकाला ४,००० असं ठरलं. तेवढ्याच वॅटमध्ये पिवळसर दिवा थोडा कमी उजेड देतो. ते नुकसान आम्ही जाणूनबुजून पत्करलं.

टायमरही बदलला. नवा टायमर अक्षांश-रेखांशावरून रोजच्या सूर्यास्ताची वेळ काढतो. आमच्याकडे जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्याही आधी. जुना टायमर जूनमध्ये लख्ख उन्हात तासभर दिवे जाळत होता आणि कोणाला खटकत नव्हतं.

शेवटचा निर्णय मंद करण्याचा. ७० वॅटचे दिवे मध्यरात्री बारा ते पाच निम्म्या शक्तीवर. वेगळी नियंत्रण यंत्रणा महाग होती, म्हणून प्रत्येक दिव्याच्या ड्रायव्हरमध्येच, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागातच, सोय असलेलं फिटिंग घेतलं. असा ड्रायव्हर घड्याळ ठेवत नाही. गेल्या काही रात्री आपण किती वेळ पेटलो याची सरासरी काढून रात्रीचा मध्य ओळखतो आणि त्यावरून मंद होतो. शिफारस माझी होती.

ऑक्टोबर

परतीचा पाऊस आला. रोज संध्याकाळी गडगडाट, रोज फीडर ट्रिप, म्हणजे वीजवाहिनी बंद. रात्री एकदा वीज गेली-आली की ड्रायव्हरच्या लेखी एका रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. आठवड्याभरात त्यांची सरासरी घसरली, मध्य अलीकडे सरकला, आणि पायवाटेवरचे दिवे नऊ-सव्वानऊलाच निम्मे व्हायला लागले. तेही सगळे एकदम नाही. एक निम्मा, एक पूर्ण, दोन निम्मे.

हे सत्र परीक्षेचे दिवस. अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी. तिसऱ्या दिवशी मुलींचा मोर्चा कुलसचिवांच्या दालनाबाहेर होता. “तुम्ही आमच्यासोबत चालला होतात ना सर?” असं एकीने मला विचारलं. ती फेरीत होती. मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री मी जो हिशेब केला तो आधी करायला हवा होता. एका खांबाचे वर्षाचे ९३० किलो. नुसता टायमर नीट लावून तेरा तासांचे सरासरी साडेअकरा केले असते, तर जुन्याच दिव्यावर सुमारे १०७ किलो वाचले असते. सोडियम जाऊन ७० वॅटचा एलईडी आल्याने आणखी सुमारे ६१७ किलो वाचले. आणि मध्यरात्री मंद केल्याने? ३५ वॅट, पाच तास, ३६५ रात्री : ६४ युनिट, म्हणजे ४५ किलो. ज्या पर्यायावरून विश्वास गेला, त्याचं मोल सगळ्या बचतीच्या सहा टक्क्यांच्या आसपास होतं.

दोन दिवसांत वायरमनने शिडी लावून पायवाटांवरच्या प्रत्येक ड्रायव्हरची मंद करण्याची सोय काढून टाकली. वाहनतळ आणि मुख्य रस्त्यावर ती ठेवली, पण फीडर पिलरमधल्या (दिव्यांना वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) खऱ्या घड्याळावर आणली.

परिणाम

पायवाटांवर आता कुठेही मोजलं तरी ४ लक्सच्या खाली सहसा जात नाही आणि १२ च्या वर चढत नाही. पूर्वीपेक्षा खांबाखालचा उजेड निम्मा आहे, तरी ‘दिवे वाढवले का?’ असं लोक विचारतात. अभ्यासिकेच्या नोंदवहीत रात्री नऊनंतर सही करून बाहेर पडणाऱ्या मुली वाढल्या आहेत. त्याचं सगळं श्रेय दिव्यांना देता येणार नाही, त्याच वर्षी वसतिगृहाची परतीची वेळही पुढे ढकलली होती.

कार्बनच्या आकड्यावर मात्र आम्ही अडकलो. कागदावर ३७० टनांचे ८० च्या घरात आले, म्हणजे २९० टनांची बचत. पण ते ३७० टन सगळे खांब पेटतात असं धरून होते. पेटत होते दोन तृतीयांश. म्हणजे खरं आधीचं उत्सर्जन २५० टनांच्या आसपास आणि खरी बचत १७० टनांच्या आतबाहेर. बिलातही तेवढाच फरक दिसला, वित्त विभागाने तो बरोबर पकडला आणि विचारलं, बाकीची बचत कुठे गेली? ती कधी नव्हतीच. बंद पडलेला दिवा शून्य उत्सर्जन करतो, आणि आम्ही त्याला पेटलेला धरून नंतर वाचवला होता.

मी दोन्ही आकडे कारणासह द्यावेत असं टिपण दिलं. वार्षिक अहवालात २९० छापून आला.

काय वेगळं करता आलं असतं

मीटर आधी लावायला हवे होते. अख्ख्या परिसराला उच्चदाबाचं एकच मीटर, त्यामुळे दिव्यांची वीज वेगळी कधी कळलीच नाही. फीडर पिलरवर उपमीटर बसवायला फार खर्च येत नाही. आम्ही ते काम सुरू होताना बसवले, आणि मग ‘आधी’चा आकडा अंदाजानेच काढावा लागला.

टायमर पहिल्याच आठवड्यात बदलता आला असता. त्याला ना समिती लागत होती ना निविदा. समिती नेमली की लहान कामंही तिच्या निकालाची वाट पाहत बसतात, हे मी आता तिसऱ्यांदा पाहिलं.

जुन्या सोडियम नळ्यांमध्ये पारा असतो. त्या भंगारात गेल्या. कंत्राटात विल्हेवाटीचं कलम घालायचं राहिलं, आणि लक्षात आलं तेव्हा टेम्पो गेला होता.

आणि फेरी. आम्ही रात्री साडेनऊला विद्यार्थिनींसोबत चाललो, पहाटे साडेपाचला कोणासोबतच नाही. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बायका आणि सफाईच्या मावशी गावाकडच्या मागच्या फाटकाने पहाटे येतात. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा मिट्ट काळोख असतो. आमच्या नकाशात तो रस्ता ‘रात्री वापर नाही’ या रंगाने रंगवला होता, म्हणून तिथले तीन जुने दिवे काढून एकच ठेवला. कोणी निवेदन दिलं नाही, मोर्चा आणला नाही. जानेवारीत एका मावशींचा पाय खड्ड्यात मुरगळला तेव्हा मेसच्या व्यवस्थापकाकडून कळलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “आम्ही मोबाईलच्या उजेडात येतो की.”

दोन दिवे पुन्हा लावायचा प्रस्ताव फेब्रुवारीत दिला. दोन्हींचं मिळून वर्षाला ४१० किलो वाढेल, असं त्यात लिहिलं आहे. हे लिहितो तोवर एक लागला आहे. दुसऱ्याची केबल यायची आहे.